मुठीत न राहणारी माती

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा काळ्या रानातल्या एका गावात मुलगी देताना आधी मुलाची माती बघत, मग मुलगा. मुलीचा बाप व्याह्याच्या शेतात जाई, ओल्या मातीची मूठ भरून दाबे. गोळा झाला तर सोयरीक पक्की. माती सुटून पडली तर आल्या वाटेने परत. मुलाचे नाकडोळे बघायला काय, पुढे जन्म पडलेलाच असे.

त्या गावच्या पाटलाची लेक भागू. तिच्या मनात भरला तो जंगलात मध काढणारा. पाटील जंगलात गेला, त्याच्या परसात मूठ भरली. रेताड माती ती, बोटांच्या फटींतून निसटली. कण जिभेवर ठेवला तर आंबट.

"असल्या मातीत माझी लेक उपाशी मरेल," पाटील म्हणाला.

"आबा, मला नांदायचंय ते माणसाजवळ," भागू म्हणाली, आणि तिने कुणाचं म्हणून ऐकलं नाही.

शेवटी पाटलाने अट घातली. "पुढच्या सुगीला येईन. पुन्हा मूठ भरीन. गोळा झाला नाही, तर तुला घेऊन जाईन."

लग्न झालं. भागूला नवरा आवडे, सासू आवडे, जंगलातलं घर आवडे. परत जायचं नव्हतं, म्हणून ती मातीच्याच मागे लागली. माहेरी परस लख्ख झाडून ठेवायची शिस्त. तिने झाडांखालचा पाचोळा खराट्याने ओढून काढला आणि पेटवून दिला. मग माहेरची काळी माती पाट्या भरभरून आणवली, मोकळ्या परसात पसरली आणि ज्वारी पेरली.

पाऊस आला. काळी माती काही वाहून गेली, काही वाळूत गडप झाली. पाऊस चार दिवस थांबला, तेवढ्यात उघडी वाळू तापली आणि ज्वारी वीतभर वाढून पिवळी पडली. सासूने लावलेले रताळ्याचे वेलही माना टाकून बसले. भागू परसात रडत बसली.

सासू शेजारी येऊन बसली. "पोरी, ही माती तुझ्या माहेरासारखी नाही. हिच्या पोटात काही राहत नाही, पाणी आलं की खाली जातं. हिचं जे काय आहे ते वरच्या पाचोळ्यात. आंबट मातीत पान लवकर कुजत नाही. हळूहळू कुजतं, अन् मुळं ते पुरवून पुरवून खातात. तू कचरा नाही झाडलास, कोठार झाडलंस."

"मग आधी का नाही बोललात?"

"नव्या सुनेच्या हातातला खराटा कोण हिसकावतं?"

भागूने डोळे पुसले. आता तिने पाट्या भरभरून पाचोळा आणला, जंगलातून. परसात जाड थर घातला, रताळ्याचे वेल पुन्हा लावले, कडेला वरई टाकली.

एका कोपऱ्यात थोडी काळी माती उरली होती. नवरा म्हणाला, "आबांना तेवढ्या कोपऱ्यात मूठ भरायला लावू. गोळा होईल, तूही राहशील."

भागूने ती माती उचलली आणि चूल सारवायला वापरून टाकली.

मग पाऊस असा लागला की हटेचना. सुगीला पाटील आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले होते. चेहरा उतरलेला होता, पण मान ताठ. परसात जाऊन त्याने पाचोळा सारला आणि मूठ भरली. माती निसटली.

"चल," तो म्हणाला.

"येत नाही."

"अट ठरली होती."

"ठरली होती. मी मोडते." भागू जागची हलली नाही. "आबा, तुमचं पीक कसं आहे?"

पाटलाने पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाणी तुंबलं. उभं सडलं."

"तुमच्या मातीने पाणी धरून ठेवलं. हिने सोडून दिलं, म्हणून माझं पीक उभं आहे. हिला गोळा व्हायला सांगू नका. ती होणार नाही, आणि मीही येणार नाही. जेवायला बसा."

तिने ताट वाढलं. वरईचा भात, भाजलेली रताळी, वाटीभर मध. पाटील उभाच राहिला. पण दोन दिवसांची भूक होती, आणि भुकेला पाटीलकी कळत नाही. तो बसला. पोटभर जेवला. जाताना त्याच्या खांद्यावर वरईचं पोतं होतं आणि डोळे ओले होते.

पुढे पाटील धाकट्या लेकीसाठी स्थळ बघायला गेला. सवयीने शेतात वाकला, मूठ भरली. मग न दाबताच ती उघडली, हात झटकले आणि व्याह्याला म्हणाला, "तुमच्याकडे जे पिकतं, ते आधी जेवायला वाढा."

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा: जे आपल्या मुठीत मावत नाही, ते वाईटच असतं असं नाही; मूठ उघडून बघावं.