हुप्प्याने लपवलेला खोकला

एका डोंगराळ जंगलात वानरांची मोठी टोळी राहत असे. टोळीचा प्रमुख होता एक धिप्पाड हुप्प्या. थंडीतल्या एका सकाळी तो शिंकत, खोकत उठला. बिळाकडे परतणाऱ्या म्हाताऱ्या सायाळीने ते ऐकले. मागच्या साथीत तिची दोन पिल्ले दगावली होती.

"आठ दिवस वेगळ्या झाडावर बस," ती म्हणाली. "तुझ्या श्वासातून विषाणू बाहेर पडतायत."

हुप्प्या हसला. "मला तर काही दिसत नाही. आणि एवढीशी गोष्ट दुसऱ्याच्या अंगात शिरणार कशी?"

"तुझ्या शेपटीला कुसळं लागलीत बघ. ती दगडाला चिकटत नाहीत, केसांतच अडकतात. विषाणूच्या अंगावरही तसे बारीक काटे असतात, आणि नाका-घशातल्या पेशींवर त्या काट्यांना नेमकी बसणारी जागा असते. तिथे तो चिकटला, की पेशीला वाटतं आपल्याच कामाचं काही आलं. तीच त्याला आत ओढून घेते. मग स्वतःचं काम सोडून त्याच्यासारखे हजारो विषाणू बनवत बसते आणि शेवटी मरते. तुला हे झेपेल. तान्ह्या पिल्लांना नाही झेपणार."

कुणी ऐकत नाही ना, हे हुप्प्याने पाहिले. मग हळूच म्हणाला, "मी आजारी आहे हे कळलं, तर मला प्रमुख कोण मानेल? तू कुणाला बोलू नकोस." सायाळ तरीही टोळीला सांगायला निघाली, तेव्हा त्याने फांद्या फेकून तिला हाकलून लावले.

त्याच दुपारी त्याने सगळ्यांना उंबराखाली जवळ जवळ बसवले. खोकला आला, की "उंबराचं बी अडकलं" असे सांगे. एका वानरीला नुकतेच पिल्लू झाले होते. ते पिल्लू हुप्प्याने मांडीवर घेतले आणि सर्वांदेखत त्याच्या तोंडाला तोंड लावले.

चार दिवसांत अर्धी टोळी खोकू लागली. हुप्प्या बरा झाला. ते पिल्लू मात्र सहाव्या दिवशी आईच्या कुशीतच गेले.

मुलांनो, मला विषाणूचा राग येत नाही. त्याला मन नसते, समज नसते. पण ज्याला सगळे ठाऊक होते आणि तरीही ज्याने आपली ऐट सांभाळली, त्याचा येतो. तुम्हालाही यायला हवा.

सायाळीने पुन्हा येऊन त्या आईला त्या सकाळी घडले ते सांगितले. मेलेले बाळ छातीशी धरून ती हुप्प्यासमोर उभी राहिली.

"साथच होती. मी काय करणार?" तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत असून तुम्ही माझं बाळ मांडीवर घेतलंत."

हुप्प्याने टोळीकडे पाहिले. वानरे त्याच्यापासून मागे सरकली. ती आई बाळाला घेऊन ओढा ओलांडून गेली, आणि एकेक करत सारी टोळी तिच्यामागे निघाली.

तात्पर्य : स्वतःचा मान राखण्यासाठी जो आपला आजार लपवतो, तो इतरांच्या जिवाशी खेळतो; अशाला पुढारी म्हणू नये.