ठकूमायनं फोडलेला पार

फार वर्षांपूर्वी शेवरगावात ठकूमाय नावाची बाई होती. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका, मी एक सांगेन आणि माझी चुलती दुसरंच सांगेल. पण होती हे नक्की. गावातली निम्मी झाडं तिच्या हातची आहेत, आणि झाडं काही थापा मारत नाहीत.

गावकीच्या झाडांची राखण तिच्याकडं होती. रस्त्याकडेच्या लिंबांना ती काट्यांचं कुंपण घालायची. रोपाशेजारी भोकाचं मडकं पुरून त्यात पाणी भरायची. वाळलेली फांदी कुणाच्या टाळक्यात पडायच्या आत उतरवायची. खोडावर तळवा टेकला की झाडाचं दुखणं तिला कळायचं, असं म्हणतात.

गावाच्या मध्यावर मोठा वड होता. त्याचा पसारा थेट वेशीपर्यंत. त्याच्या सावलीत बाजार भरायचा, न्यायनिवाडे व्हायचे, वऱ्हाडं उतरायची. एवढ्या मानाच्या झाडाला साधी माती शोभते का? ठकूमायनंच हट्ट धरला, "वडाला पार पाहिजे." झालं! अख्खं गाव कामाला लागलं. घडीव दगड, चुन्याचे सांधे, छातीइतकी उंची, आणि आत खोडाला भिडवून गच्च भरलेली माती. शेवटचा दगड मायनं स्वतः बसवला. असा देखणा पार पंचक्रोशीत नव्हता.

तिसऱ्या वर्षी दिवाळी सरली आणि वडाची पानं गळायला लागली. गाव म्हणालं, दृष्ट लागली. लिंबू-मिरच्या बांधून झाल्या, नारळ फोडून झाले, शहाण्यांनी वर आणखी चार पाट्या माती ओतली. पानं गळतच राहिली. तेव्हा मायनं त्या मातीत कोपरापर्यंत हात घातला आणि खोड चाचपलं. साल कुजली होती, बोटाला लागून निघून आली. पण रडत बसणारी बाई नव्हती ती. तशीच मातीच्या हातानं चावडीवर गेली.

"पाटीलबाबा, पार फोडायचाय."

हैबतराव पाटील ताडकन उठले. "अगं बये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गावानं घाम गाळलाय त्यात!"

"आपण वडाला गळ्यापर्यंत गाडलंय. त्याचा जीव घुसमटतोय. चूक माझी हाय, हट्ट मीच केला होता. निस्तरणार बी मीच."

"आणि वड नाही जगला तर?"

"पाडव्याला पालवी दिसली न्हाई तर गाव सोडीन. पुन्यांदा तोंड दावणार न्हाई."

जन्म गेला होता तिचा त्या गावात, दुसरीकडं जायला घर नव्हतं. पाटलांनी होकाराची मान हलवली, पण हात लावायला एकजण पुढं आला नाही.

मायनं एकटीनं पहार उचलली. पहिला दगड निखळला तेव्हा वडानं असा सुस्कारा सोडला, की तीन गावांतल्या गाईंनी चरता चरता माना वर केल्या, असं म्हणतात. एकवीस दिवस ती माती उपसत होती. खोड मोकळं केलं, कुजकी साल खुरप्यानं खरवडली, राख आणि हळद लावली. मग रोज येऊन नुसती बघत बसायची. गाव तिच्याशी बोलेना. बाया पाणवठ्यावर तोंड फिरवायच्या. मायला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि तरी ती मान ताठ ठेवून चालायची.

पाडवा उजाडला. घरोघरी गुढ्या लागल्या. वड मात्र बोडकाच. माय दिल्या शब्दाची पक्की. तिनं लुगड्यात चार भांडी बांधली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि वडाखालून वेशीकडं चालायला लागली.

आता ऐका. ती ज्या फांदीखालून जाई, त्या फांदीला तांबूस कोंब फुटे. ती पुढं, पालवी मागं! फांदीवरून फांदीवर उड्या मारत पालवी तिच्यामागं धावली आणि माय वेशीशी पोचेतो सगळा वड तांबडालाल झाला, असं म्हणतात. मागं गलका ऐकून ती वळली. हैबतराव अनवाणी धावत येत होते. त्यांनी तिचं गाठोडं उतरवलं आणि भर गावादेखत स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "चुकलं, माय," म्हणाले. "घरी चल."

वड अजून आहे. त्याच्याभोवती पार आहे, पण गुडघ्याएवढा, चुन्याशिवाय नुसता रचलेला, खोडापासून चांगला दोन हात लांब. दर पाडव्याला गाव तो उकलतं आणि खोड वाढलं असेल तेवढा मागं सरकवून पुन्हा रचतं. पहिला दगड गावच्या प्रमुखानं उचलायचा. आणि उचलण्याआधी वर्षभरातली आपली चूक सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायची. त्याशिवाय शेवरगावात एकाही घरावर गुढी चढत नाही.

गेल्या साली सरपंच बराच वेळ बोलत होते. गुढ्या हातात धरून सगळं गाव उन्हात उभं राहिलं, पण घाई करा असं कुणी म्हणालं नाही.