भिजवलेले तांदूळ

फार पूर्वी, झाड नावालाही उरलं नव्हतं अशा एका डोंगराखाली एक गाव होतं. तिथे लोकांचं भात कांडून पोट भरणारी एक बाई आणि तिची लहान मुलगी राहत. मजुरीचे तांदूळ मिळत, पण ते शिजवायला सरपण मिळत नसे. मायलेकी तांदूळ पाण्यात भिजवून तसेच खात. मुलीचं पोट सारखं दुखे आणि ती दिवसेंदिवस वाळत चालली होती.

गाव काही दुष्ट नव्हतं. गवळ्याने तिला पाटीभर गोवऱ्या दिल्या. पण बाईकडे धड चूल नव्हती. तीन दगडांमध्ये गोवऱ्या नुसत्या धुमसल्या आणि घरभर धूर झाला. पुढे कुंभाराने चूल दिली, तेव्हा गोवऱ्या संपल्या होत्या. मग सुताराने ढलप्या दिल्या. त्या भरकन पेटल्या आणि पाण्याला आधण येण्याआधीच त्यांची राख झाली. आपण दिलं, याचं समाधान मात्र तिघांनाही वर्षभर पुरलं.

तिघांनी मिळून द्यावं, तर त्यांचं आपसांत बोलणं नव्हतं. गवळ्याच्या म्हशीने कुंभाराची कच्ची मडकी तुडवली होती, आणि सुताराने मध्ये पडून दोघांनाही शहाणपण शिकवलं होतं.

एके दिवशी बाईने तिघांना जेवायला बोलावलं. बाकीचे दोघे येणार हे तिने कुणालाच सांगितलं नाही. दुपारी तिघे आले आणि एकमेकांना पाहून तोंडं फिरवून बसले. मुलीने प्रत्येकासमोर पान मांडलं आणि त्यावर मूठभर भिजवलेले तांदूळ वाढले.

"हे काय गं?" गवळी म्हणाला.

"रोजचं जेवण आहे, दादा," बाई म्हणाली. "आम्ही हेच खातो."

सुताराने घास तोंडात घातला. तो गिळवेना आणि थुंकताही येईना. कुंभार जायला उठला.

बाई म्हणाली, "तुम्ही तिघांनीही दिलंत, मी नाही म्हणत नाही. पण ते एका वेळी कधी आलंच नाही. भांडण तुमचं आहे, दादा. उपाशी माझी पोर राहते."

कुंभार दारातच थांबला. मग तो गवळ्याकडे न बघताच म्हणाला, "जा, गोवऱ्या घेऊन ये." सुतार ढलप्या आणायला आधीच निघाला होता.

खाली ढलप्या, वर गोवऱ्या रचल्या. कुंभाराने ओल्या मातीने चुलीचं तोंड जरा लहान केलं. जाळ धरला, पाणी खदखदलं आणि भात शिजला.

मुलीने पहिला घास घेतला आणि किंचाळून रडू लागली. तिची जीभ भाजली होती.

"अगं, फुंकर मारून खायचं!" सुतार म्हणाला.

"तिला कुठून माहीत असणार?" बाई म्हणाली. "गरम घास तिने आज पहिल्यांदा खाल्ला."

तिघांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी तिघांनाही स्वतःची लाज वाटली. मग गवळ्याने तिचं पान पुढे ओढलं आणि भातावर फुंकर घालू लागला.

तेव्हापासून गावात ज्या ज्या घरी चूल पेटत नसे, तिथे तिघे एकाच दिवशी जात. म्हशीवरून मात्र त्यांचं तरीही वाजे.

तात्पर्य: वेगवेगळं दिलेलं दान देणाऱ्याचं मन भरतं. कुणाची चूल पेटवायची असेल, तर सगळ्यांनी तिच्यापाशी एकत्र बसावं लागतं.