बोटभर सरकवलेला शिंपला

एकदा एका खाडीच्या मुखाशी एक वृद्ध नावाडी राहत असे. हातांना कंप सुटला तेव्हा त्याने नाव सोडली. त्याच्यापाशी आपल्या गुरूची एक वही मात्र होती. गुरूने केलेल्या चाळीस फेऱ्या तिच्यात नोंदल्या होत्या: पाण्याखालचा वाळूचा उंचवटा कुठे होता, सुकाणू कसे वळवले, नाव पोचली की फुटली.

ते मुख मोठे निर्दय. चुकतमाकत शिकू म्हणणारा तिथून परतत नसे. म्हणून म्हाताऱ्याच्या तरुण शिष्याने वहीवरूनच शिकायचे ठरले. पैलतीरावरच्या आजाऱ्यांना आणायला दुसरे कुणी उरलेच नव्हते.

शिष्याने चाळीसही फेऱ्या मुखोद्गत केल्या. अंगणात वाळू पसरून, उंचवट्याच्या जागी शिंपले मांडून तो करवंटीच्या नावेने एकेक फेरी करून दाखवी. ती बिनचूक झाली, की म्हातारा काठीने शिंपला बोटभर सरकवी आणि म्हणे, "आता ने."

एके दिवशी शिष्य चिडला. "तात्या, वहीत असं कुठं आहे? सरकवायचंच तर हे घ्या!" त्याने शिंपले पार दुसऱ्या टोकाला मांडले आणि मोठ्या ऐटीत नाव पार नेली. म्हाताऱ्याने ती वाळू पायाने पुसून टाकली.

"अरे, उंचवटा दरवर्षी थोडा हलतो," तो म्हणाला. "बोटभर सरकवला तरी पाण्याचा स्वभाव तोच राहतो. एका फेरीच्या दहा होतात. पण तू मांडलंस ते पाणी कुणी पाहिलेलंच नाही. तिथं नाव तरली हे तू म्हणतोस, खाडी नाही. मनाचे मांडे खाऊन पैलतीर येत नसतो."

पावसाळा सरला आणि पैलतीराहून सांगावा आला. एक बाळंतीण अडली होती. शिष्य तिला आणि तिच्या सासूला घेऊन निघाला. मुखाशी डावीकडे पाणी संथ होते, उजवीकडे लाटा उसळत होत्या. "त्या संथ पाण्यातनं ने रे बाबा!" बाळंतिणीची सासू रडू लागली. शिष्याने क्षणभर डोळे मिटले आणि नाव लाटांत घातली.

सारी सुखरूप पोचली. सुईणीच्या हाती मुलगी झाली.

"कोणती फेरी कामी आली?" म्हाताऱ्याने विचारले.

"तेविसावी. थोडी सरकवून. वरून पाणी संथ, पण खाली वाळूचा उंचवटा; तिथंच नाव फुटली होती ती."

म्हाताऱ्याने वहीतले ते पान उघडले. मग म्हणाला, "त्या नावेत गुरूंचा मुलगा होता. तो बुडाला. गुरू घरी आले आणि आधी ती फेरी लिहून काढली. आपली चूक, एकही अक्षर न लपवता."

 ज्यांना शिष्याने कधी पाहिले नव्हते, त्या गुरूंना त्याने तिथेच साष्टांग नमस्कार घातला.