दुसऱ्यांदा उघडलेलं शास्त्र

"बायबलमधल्या त्या राजाने शत्रूंना शाप द्यायला बलाम संदेष्ट्याला बोलावलं. देव स्वतःच म्हणाला, जा. आणि बलाम निघाला, तर त्याच्यावरच रागावला. हा काय न्याय झाला, बाबा?"

विचारणारा आशेर. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत पहिला आलेला, आणि बोलायला लागला की समोरच्याला श्वास घेऊ न देणारा.

पाळक यिर्मयाबाबा चर्चच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सोलू लागायला मीही शेजारी.

"रागावला खरा," बाबा म्हणाले. "पण बलामाने त्याआधीही एकदा विचारलं होतं ना? तेव्हा काय म्हणाला देव?"

"जाऊ नको म्हणाला."

"मग परत कशाला विचारलं?"

आशेरने ते कानाआड केलं. त्याला बलामाचं काही पडलेलं नव्हतं, घोडं दुसरीकडेच पेंड खात होतं.

"माझंच सांगतो, बाबा. नागपूरच्या मोठ्या चर्चने मला उपदेशक म्हणून बोलावलंय. आज दुपारची गाडी आहे. आणि इकडे थोरला भाऊ सरकारी दवाखान्यात पडलाय. वाचेल असं वाटत नाही. भेटून जा म्हणून त्याचा निरोप आलाय. मी प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं, बोट ठेवलं. निघालं, आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर."

"बरं."

"मग पुन्हा उघडलं. तर आपला देश, आपले नातलग सोडून नीघ, असं अब्राहामाला सांगितलेलं निघालं. दोन्ही वचनं देवाचीच. एक म्हणतं थांब, दुसरं म्हणतं जा. पाळायचं कुठलं?"

गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या दफनाच्या दिवशी ह्याच आशेरने भर लोकांत भावाला, अमोसला, दारुडा म्हटलं होतं. त्यानंतर अमोस चर्चकडे फिरकला नाही. मला तर या पोराचा रागच यायचा.

बाबांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"पहिल्या वेळी पान नीट उघडलं नव्हतं का रे?"

"उघडलं होतं."

"अक्षरं लागली नाहीत?"

"लागली."

"मग?"

आशेर काखेतल्या शास्त्राची कड चाचपू लागला. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"त्याने तोंड फिरवलं तर, बाबा? नको नको ते बोललोय मी त्याला. भीती वाटते मला."

"वाटणारच."

"अजून एकदा उघडून बघू? तुमच्यासमोर?"

बाबांनी हात पुढे केला. आता बाबाच पान काढून देणार, असं वाटून आशेरने शास्त्र त्यांच्या हातात दिलं. बाबांनी ते न उघडता आपल्या मांडीवर ठेवलं आणि वर तळहात ठेवला.

"बाबा, द्या ना. देवाचं ऐकायला ते लागेल मला."

"ते तर तुझं पहिल्याच वेळी ऐकून झालंय, पोरा," बाबा म्हणाले. "दवाखान्यात चारनंतर आत सोडत नाहीत."