हरबा मुलाखतीला जातो

तांदुळवाडीत हरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. कामाला वाघ. पण सांगितलेलं शब्दाला शब्द धरून करायचा. ‘दुधावर डोळा ठेव’ म्हटलं, की पातेल्यात वाकून डोळा टेकवायला जायचा. त्यामुळं कुठलंच काम टिकत नव्हतं.

थोरली बहीण अक्का त्याच्या लग्नाच्या मागं लागली होती. शेजारच्या गावची मंजुळा तिला पसंत होती. हरबाला तर फारच. जत्रेत मंजुळेनं त्याला एकदा रस्ता विचारला होता. तेव्हापासून तो त्याच रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. पण मंजुळेचे वडील म्हणाले, “आधी काम, मग पोहे.”

हरबा एका बेकरीत मुलाखतीला गेला.

मालकानं विचारलं, “आधीचं काम का सोडलंस?”

“मी नाही सोडलं. त्यांनी मला सोडलं.”

“का?”

“पाव करपले.”

“किती?”

“सगळे. बेकरी पण थोडी.”

हरबा तसाच घरी आला. अक्कानं कपाळाला हात लावला. “अरे, नुसतं वाईट सांगून थांबायचं नसतं. त्यातून मी काय शिकलो, ते सांगायचं.”

“सांगतो की,” हरबा म्हणाला आणि खानावळीत गेला.

खानावळवाल्या काकू म्हणाल्या, “ये, बस. नाव काय तुझं?”

“हरबा. त्यातून मी शिकलो, की कुणी हरबा म्हटलं की ओ द्यायची.”

“बरं. आलास कसा?”

“चालत. त्यातून शिकलो, की गाव लांब आहे.”

“पाणी घेतोस?”

हरबा गटागटा प्यायला. “त्यातून शिकलो, की तुमचं पाणी मचूळ आहे.”

काकूंनी त्याला जेवू घातलं आणि घरी पाठवलं.

अक्का म्हणाली, “अरे देवा! ते राहू दे आता. मुलाखतीत आपण स्वतः काय केलं, ते सांगावं. ‘आम्ही केलं, सगळ्यांनी केलं’ असं मोघम बोलू नये. ‘मी केलं’ म्हणावं.”

“म्हणतो की.”

पुढची मुलाखत शाळेत होती, रखवालदाराची. मोठ्या बाईंनी विचारलं, “तुम्ही आधी गोदामावर होतात ना? तिथं चोरी झाली होती म्हणे. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी काय केलंत?”

“सगळ्यांनी नाही, बाई. मी केली.”

“काय केली?”

“चोरी. मीच कुलूप तोडलं, मीच पोती उचलली, मीच ‘चोर चोर’ ओरडलो, मीच मला धरलं. बाकी कुणी काही केलं नाही.”

बाईंनी हवालदारांना बोलावलं. हवालदार हरबाला ओळखत होते. त्यांनी त्याला सायकलवर बसवून घरी आणून सोडलं.

आता अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून हरबाचाही चेहरा पडला. “अक्के, शेवटचं सांग. नीट करतो.”

अक्कानं त्याला समोर बसवलं. “हे बघ. कुणीही विचारलं, अमुक झालं तर काय कराल, की मागच्या कामातला दाखला द्यायचा. आधी अडचण काय होती, मग तू काय केलंस, शेवटी काय झालं. बस. जसं घडलं तसं.”

हरबा मंगल कार्यालयात गेला. मॅनेजरनं विचारलं, “पंगतीत भात संपला तर काय कराल?”

“मागं एका लग्नात भात संपला होता. मी पटकन पिठलं टाकलं. लोकांनी बोटं चाटली.”

मॅनेजरनं त्याला तिथंच ठेवून घेतलं. अक्कानं गावभर पेढे वाटले. लगेच मंजुळेकडून बोलावणं आलं.

हरबा नवा सदरा घालून बैठकीत बसला. शेजारी अक्का. दाराआड मंजुळा पोह्यांची बशी घेऊन उभी होती.

मंजुळेचे वडील म्हणाले, “पाव्हणं, एकच विचारतो. आमची लेक गुणाची आहे, पण जरा रुसते. रुसून बसली, तर काय कराल?”

हरबा सावरून बसला. अक्कानं त्याच्याकडं बघून मान डोलावली.

“मामा, मागच्या कामातला दाखला देतो. मी गोठ्यावर होतो. तिथं एक म्हैस अशीच रुसायची. जवळ येऊ द्यायची नाही. मी तिला पेंड दिली, पाठ खाजवली, गाणं म्हटलं.”

दाराआडून हळूच आवाज आला, “मग?”

“मग काय? ऐकेना. शेवटी बाजारात नेऊन विकली आणि दुसरी आणली. ती बरी निघाली.”

बशी उंबऱ्यापर्यंत आली होती. तिथूनच परत गेली. अक्कानं पदरात तोंड लपवलं.

हरबाला वाटलं, जमलं. तो खुशीत पुढं सरकला.

“मग मामा, सोमवारपासून येऊ का?”