चोर माळ्यावर चढला तेव्हा

घरोघरी कॅसेटी धूळ खात पडू लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. वृषालीने वारलेल्या इंदूमावशीच्या गोष्टीची एकुलती एक कॅसेट शोधून काढली आणि ती उतरवून ठेवायला म्हातारा टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला.

"टाक पटकन, एका घासात गिळतो!" कॉम्प्युटरने मिजास दाखवली.

"तसं नाही रे बाबा," टेपरेकॉर्डर खाकरला. "मावशी जितका वेळ बोलली, तितका वेळ ऐकावं लागतं."

बटण दाबून वृषाली पोळ्या लाटायला गेली. मावशी मधेच खोकली, पाणी प्यायली, तिने अंगणातल्या कोंबड्याही हाकलल्या. कॉम्प्युटरला जांभया आल्या नि त्याचा डोळा लागला.

वृषालीने येऊन ऐकलं, तर "चोर माळ्यावर चढला आणि बघतो तर..." पुढे सगळं गप्प!

"मेल्या, झोपलास?" ती कडाडली.

टेपरेकॉर्डर कण्हला, "फीत जीर्ण झालीय. आणखी एकदाच वाजेल."

या खेपेला कॉम्प्युटर कान टवकारून बसला. चोर माळ्यावर चढतोय, तोच वृषालीने कॉम्प्युटरला दुसरं काम सांगितलं. तो हलेना. तिने माउस आपटला, तरी ढिम्म!

"श्शू!" तो पुटपुटला. "चोर चढलाय!"

तेव्हापासून कॉम्प्युटर मधेच अडकून बसला की लोक त्याच्या नावाने बोटं मोडतात. मोडोत बापडे! त्याचा चोर माळ्यावर असतो.